राष्ट्र लॉजमध्ये जन्मत नाही

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांची मौखिकी घेताना आम्हां प्राध्यापकांचे कान सहसा निम्मेच जागे असतात, हे आरंभीच कबूल केलेले बरे. उन्हाळ्याचे दिवस, वर फिरणारा पंखा, समोर पंचवीस-तीस स्पायरल बाइंडिंग केलेल्या वह्या, आणि प्रत्येक वहीत त्याच चार संदर्भग्रंथांतून उतरलेला तोच मजकूर. अशाच एका दुपारी, कराडमध्ये, आमच्यापुढे बसलेल्या एका विद्यार्थिनीने वहीतला तक्ता उलगडला आणि आम्ही तिघेही सावरून बसलो. विषय होता एकोणिसाव्या शतकातील संस्थाजीवन आणि मराठी गद्य. तक्त्याच्या मध्यभागी एक त्रिकोण होता, त्यात एक डोळा, आणि त्या डोळ्यातून निघालेले बाण चार दिशांना गेले होते : अमेरिका १७७६, फ्रान्स १७८९, इटली १८६१ आणि मुंबई १८८५. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : आधुनिक राष्ट्रे फ्रीमेसन नावाच्या गुप्त पंथाने घडवली आणि भारतीय राष्ट्रही त्यास अपवाद नाही.

आमच्यापैकी एकाने नेहमीचा विनोद केला. कराडात लॉज म्हणजे एस. टी. स्टँडसमोर मुक्कामाला खोली मिळते ते ठिकाण. तिथे राष्ट्र कसे जन्मेल? सगळे हसले. ती हसली नाही. तिने शांतपणे विचारले, "सर, परमहंस सभा गुप्त नव्हती का? ती तर तुम्हीच शिकवता. मग गुप्त मंडळींनी राष्ट्र घडवले म्हटले तर चुकले काय?"

आम्ही घड्याळाकडे पाहिले, बरे गुण दिले आणि पुढचा क्रमांक पुकारला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. उत्तर एकट्या तिला देऊन भागण्यासारखे नाही. तिचा तक्ता तिच्या एकटीचा नव्हता. तो मोबाइलवरून फिरतो, चर्चासत्रांतल्या बीजभाषणांत डोकावतो, शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांत "आतली गोष्ट" म्हणून सांगितला जातो. आणि त्याला विरोध करायचा तर हसण्यापलीकडे आमच्याकडे काही असायला हवे.

प्रथम, जे खरे आहे ते मान्य करू. अशा मतांना उडवून लावणारे नेमके इथेच चुकतात. ते सगळेच नाकारतात, मग समोरचा एक खरा कागद काढून दाखवतो आणि बाजी मारतो. लंडनमध्ये २४ जून १७१७ रोजी चार लॉजेस एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन झाले. कंपनी सरकारच्या पाठोपाठ १७३०च्या सुमारास कलकत्त्यात पहिले लॉज आले. जॉर्ज वॉशिंग्टन मेसन होते, आणि १८ सप्टेंबर १७९३ रोजी अमेरिकेच्या कॅपिटॉलची कोनशिला त्यांनी मेसनांच्या विधीनेच बसवली. आपल्याकडे, मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३च्या डिसेंबरात 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघाले, ते मुख्यतः एतद्देशीयांना प्रवेश मिळावा म्हणून. माणेकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने दार उघडले नव्हते; ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. पुढे खरशेटजी रुस्तमजी कामा, फिरोजशहा मेहता, दादाभाई नौरोजी ही नावे मेसन बंधूंच्या याद्यांत आढळतात. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी मेसन होते. मोतीलाल नेहरू होते. आणि ज्यांचे नाव ऐकून हा तक्ता काढणारेही गडबडतात ते विवेकानंद, संन्यासापूर्वीचे नरेंद्रनाथ, १८८४ साली कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दाखल झाले होते.

यातले काहीही लपवण्याजोगे नाही. तरी आम्ही ज्या टिपणांवर शिकलो आणि आजही ज्यांवर शिकवतो त्यांत लॉज हा शब्द एकदाही येत नाही. आम्ही न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कोणी कुजबुजून सांगितली की ती गुपित ठरते. या तक्त्याचे निम्मे पाप आमच्या टिपणांचे आहे.

आता जे खरे नाही ते पाहू. डॉलरच्या नोटेवरचा पिरॅमिड आणि डोळा हा या पंथाच्या सत्तेचा पुरावा म्हणून हमखास दाखवला जातो. ती अमेरिकेची राजमुद्रा आहे, १७८२ सालची; नोटेवर ती आली १९३५ मध्ये. राजमुद्रेसाठी नेमलेल्या पहिल्या समितीत फ्रँकलिन हे एकटेच निर्विवाद मेसन होते, आणि त्यांनी सुचवलेले चित्र तांबड्या समुद्रापाशी उभ्या असलेल्या मोशेचे होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे ५६. त्यांत ज्यांच्याविषयी वाद नाही असे मेसन नऊच्या आसपास. उरलेल्या चाळीसपेक्षा अधिक जणांना तक्त्यात जागाच नाही. शिवाय त्या युद्धात इंग्रजांच्या पलटणींतही लॉजेस होती. दोन्ही बाजूंना बंधू असतील तर बंधुत्वाने युद्धाचा निकाल लावला असे कसे म्हणावे?

हीच गत आपल्याकडची. १८८०पासून १८८४पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड रिपन हे त्याआधी इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे ग्रँड मास्टर होते. रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला तेव्हा, १८७४ साली, त्यांनी ते पद सोडले. राज्य करणारे आणि राज्याकडे अर्ज करणारे एकाच पंथाचे बंधू असतील, तर हा पंथ साम्राज्याचा की राष्ट्राचा? "दोन्हींचा" असे उत्तर येईल. पण जे कारण प्रत्येक परिणामाला लागू पडते ते कुठल्याच परिणामाचे कारण नसते, एवढे तर्कशास्त्र आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षालाच शिकलो होतो.

तक्ता काढणाऱ्यांनी मेसनांची घटना उघडून पाहिलेली नसते. अँडरसन यांनी सिद्ध केलेली ती घटना १७२३ साली छापून प्रसिद्ध झाली. म्हणजे ती गुप्तही नाही. तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, लॉजच्या दाराच्या आत धर्माचा आणि राजकारणाचा वाद आणायचा नाही. दुसरी, सभासद हा जन्मतः स्वतंत्र पुरुष असला पाहिजे. गुलाम नको, स्त्री नको. ज्या खोलीत राजकारण बोलायला बंदी, तिथे राष्ट्राची उभारणी झाली असे म्हणणे हे आजीव ब्रह्मचाऱ्याच्या मठातून वंशवृक्ष काढण्यासारखे आहे. दुसऱ्या कलमाचे परिणाम त्याहून गंभीर झाले. अमेरिकेत प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थाने १७७५ साली एका इंग्रज पलटणीच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली; स्वतंत्र झालेल्या अमेरिकेतले गोरे बंधू त्याला बंधू मानेनात, तेव्हा त्याला सनद मिळाली ती १७८४ साली, लंडनहून. आपल्याकडे प्रसन्नकुमार दत्त यांना कलकत्त्यात प्रवेश मिळवण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले, कारण अनेक देव मानणारा हिंदू मेसन होऊ शकतो की नाही, हाच वादाचा विषय होता. १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. विश्वबंधुत्वाचा जप करणाऱ्या घराचा उंबरठा एवढा उंच होता.

लॉजमध्ये प्रवेशासाठी मतदान होते. पांढरे मणी, काळे मणी. सगळे पांढरे मणी असताना एखादा काळा मणी पडला तरी उमेदवार बाहेर, ही जुनी प्रथा. हा काळा मणी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मग लॉजने आपल्याला काहीच दिले नाही काय? दिले, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अध्यक्ष दर वर्षी निवडायचा, सभेचा वृत्तांत लिहायचा, मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम करायचा, वर्गणीचा हिशोब दाखवायचा, पोटनियम करायचे आणि अध्यक्षानेही ते पाळायचे, ही शिस्त मुंबईच्या शेटजींनी आणि वकिलांनी ज्या ठिकाणी अंगी बाणवली त्यांत लॉजही होते. गोऱ्या साहेबाशेजारी समान आसनावर बसण्याचा अनुभव फार थोड्या ठिकाणी मिळत असे. लॉज त्यांपैकी एक. पण ही शिस्त फक्त तिथेच मिळत होती असे नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या सभा, १८५२ची बॉम्बे असोसिएशन, व्यापारी पेढ्या, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या ही सगळी तिचीच शाळा होती. काँग्रेसच्या जन्माविषयीची कागदपत्रे पाहिली तरी कट दिसत नाही. ह्यूम यांनी १ मार्च १८८३ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना जे आवाहन केले ते पत्राने, उघडपणे. पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते, पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले, ७२ प्रतिनिधी जमले, आणि जे ठराव झाले ते छापून निघाले. ह्यूम थिऑसफीच्या नादी लागलेले होते, त्यांनी गुप्त अहवालांचे सात खंड पाहिल्याची कथा त्यांच्या चरित्रातून पसरली, आणि त्यावरून काँग्रेस ही साम्राज्याची सुरक्षा-झडप होती असा सिद्धान्त निघाला. ते सात खंड पुढे कोणाला मिळाले नाहीत. फ्रीमेसनांचा तक्ता हा त्याच सात खंडांचा आठवा खंड आहे.

आता त्या विद्यार्थिनीचा खरा प्रश्न. परमहंस सभा.

इथे मात्र आम्हांला हसता येत नाही, कारण तिचा प्रश्न नेमका आमच्या विषयाच्या मर्मावर आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना आम्ही मराठीचे पाणिनी म्हणून शिकवतो. त्यांचे व्याकरण १८३६ चे, स्वतःच्या नावाने छापलेले. त्याच दादोबांनी १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मंछाराम यांच्यासह मानवधर्मसभा काढली आणि १८४९ साली मुंबईत रामचंद्र बाळकृष्ण जयकर यांना अध्यक्ष करून परमहंस सभा. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आणि हे सारे बंद दाराआड. लॉजशी साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे : दीक्षा, शपथ, गुप्त यादी, आतल्यांचे बंधुत्व.

व्याकरणकार दादोबा आपले नाव मुखपृष्ठावर छापतात. धर्मविचार लिहिणारे दादोबा 'एक जगद्वासी आर्य' हे टोपणनाव घेतात. आमच्या अभ्यासक्रमात हे दोन दादोबा दोन वेगळ्या प्रकरणांत राहतात आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. वास्तविक गाठ पडायला हवी. ज्याने मराठी भाषेचे नियम उजेडात मांडले, त्याला मराठी समाजाचे नियम मोडताना दार लावून घ्यावे लागले. भय खरे होते. जातीबाहेर टाकले जाणे म्हणजे काय, हे त्या पिढीला ठाऊक होते. तेव्हा त्यांच्या भित्रेपणाची चेष्टा करणे आम्हांला शोभणार नाही. खुद्द आमच्यापैकी किती जणांनी आपल्या घरातल्या लग्नपत्रिकेवर काय छापावे याविषयी भावकीपुढे तोंड उघडले आहे?

पण परिणाम पाहावा लागतो. १८६०च्या सुमारास सभेची सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटणार असे दिसताच सभासद पांगले आणि सभा संपली. एवढे मोठे विचार आणि त्यांचा जीव एका कागदात! जे सत्य बंद खोलीत बंधूंनाच सांगायचे, ते बाहेरच्या एका कागदाला घाबरते. बाबा पदमनजी हे या सभेत वावरलेले होते. ते १८५४ साली उघडपणे ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांचे दुःख मराठी गद्याने जगापुढे मांडले ते सभेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातून, आणि छापील पुस्तकात. त्यांचा मार्ग पटो न पटो, त्यांनी जे केले ते आपल्या नावाने केले. सभेतल्याच काही जणांनी दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्यासह १८६७ साली प्रार्थनासमाज काढला, आणि त्याची दारे उघडी होती.

तेव्हा विद्यार्थिनीला आमचे उत्तर असे : होय, परमहंस सभा गुप्त होती. आणि म्हणूनच ती राष्ट्र घडवू शकली नाही. राष्ट्राच्या इतिहासात तिची जागा आहे ती या धड्यापुरती.

याउलट पुण्याची सार्वजनिक सभा घ्या. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीची तक्रार हे तिचे निमित्त. स्थापना २ एप्रिल १८७०. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, तिचे प्राण. पहिले अध्यक्ष आमच्या जिल्ह्यातल्या औंधचे पंतप्रतिनिधी. या सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांच्या सहीचे मुख्त्यारपत्र आणावे लागे. आरंभी ९५ सभासद होते, आणि त्यांच्या मागे सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. आता तो काळा मणी आठवावा. लॉजमध्ये आत बसलेले ठरवतात की बाहेरचा कोण आत येईल. सार्वजनिक सभेत बाहेरचे ठरवतात की आत कोण बसेल. संस्थेची घटना, वृत्तांत, अध्यक्ष, पोटनियम सगळे तेच. सत्तेची दिशा मात्र उलटी. आमच्या मते भारतीय राष्ट्राचा जन्म शोधायचाच असेल तर तो या मुख्त्यारपत्राच्या कागदावर शोधावा. सह्या करणारे बहुतेक सुखवस्तू होते, स्त्रिया नव्हत्या, शूद्रातिशूद्र नव्हते, हे आम्ही विसरत नाही. पण तो कागद वाढवता येण्याजोगा होता. काळ्या मण्याची पेटी वाढवता येत नाही.

वाढवण्याचे काम जोतीराव फुल्यांनी केले. तुकाराम तात्या पडवळ यांचे 'जातिभेद विवेकसार' १८६१ साली निघाले ते 'एक हिंदू' या आडनावाआडून. १८६५ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशक म्हणून नाव होते जोतीरावांचे. चार वर्षांत एका पुस्तकाने केलेला हा प्रवास आमच्या विद्यार्थ्यांनी परमहंस सभेच्या शेवटाशेजारी ठेवून वाचावा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज निघाला. तो भटजीशिवाय लग्ने लावत होता, आणि लग्न हा तर गावजेवणाचा प्रसंग. तिथे गुप्तता कसली? त्याच वर्षीचे 'गुलामगिरी' हे पुस्तक जोतीरावांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. तक्त्यातला अमेरिकेचा बाण वॉशिंग्टनच्या लॉजमधून येतो. जोतीरावांना भेटलेली अमेरिका टॉमस पेन यांच्या पुस्तकातून आणि गुलामांच्या मुक्तीतून आली. पुस्तक उघड दुकानात मिळते, ते विकत घ्यायला कोणाची शिफारस लागत नाही, आणि वाचणारा माळी आहे की शेटजी हे ते विचारत नाही. साहित्याचे विद्यार्थी म्हणून याचा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळांचे काय? नाशिकचा मित्रमेळा, १९०४ची अभिनव भारत, तिची शपथ. सावरकरांनी मराठीत आणलेले आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेले मॅझिनीचे चरित्र. इटलीतल्या कार्बोनारी मंडळींचे विधी मेसनांच्या विधींशी मिळतेजुळते होते, मॅझिनी कार्बोनारी होता, आणि 'यंग इटली'वरून अभिनव भारत हे नाव आले. म्हणजे लॉजपासून नाशिकपर्यंत बाण काढता येतो की!

येतो. पण वाटेत मॅझिनी काय म्हणाला ते ऐकूनच काढावा. कार्बोनारींतल्याच एकाच्या दगाबाजीने तो १८३० साली पकडला गेला. साव्होनाच्या कोठडीत त्याने जो विचार केला त्याचा निष्कर्ष हा की नुसती शपथ, नुसते विधी आणि वरच्यांकडे पाहणारी गुप्त उतरंड यांनी देश उठत नाही. कार्यक्रम उघड सांगितला पाहिजे, लोक शिकवले पाहिजेत. १८३१ची 'यंग इटली' ही या टीकेतून निघाली. तिच्यातही शपथ होती, पण तिचे नियतकालिक होते आणि तिने आपले ध्येय जाहीर केले होते. अभिनव भारतातल्या तरुणांच्या त्यागाविषयी आम्ही नतमस्तक आहोत. १९०९च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला, धरपकड झाली, आणि मंडळ मोडले. परमहंस सभेच्या यादीचे जे झाले तेच इथेही झाले, फक्त किंमत कितीतरी भयंकर होती : फास आणि काळे पाणी. शौर्य कमी नव्हते. मंडळाभोवती गाव उभे नव्हते.

गाव उभे राहिले की काय होते, हे पाहायला आम्हां कराडकरांना दूर जावे लागत नाही. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला तो दिवसाढवळ्या. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूजला आणि इस्लामपूरला माणसे पडली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३पासून १९४६पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार या भागात चालले. न्यायदान मंडळे, गांधी विवाह, तुफान सेना; ७ जून १९४३ रोजी आमच्याच तालुक्यातल्या शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. हे सगळे गुप्त होते ना? होते. नाना पाटलांच्या डोक्यावर इनाम होते आणि सरकारला ते सापडले नाहीत.

पण ही गुप्तता कोणाची होती? लॉजच्या गुपिताला सभासद असतात. या गुपिताला नव्हते. ज्या घरात रात्री भाकरी टाकली गेली त्या घरातल्या बाईने कुठलीही दीक्षा घेतलेली नव्हती, तिचे नाव कुठल्या यादीत नव्हते, म्हणून ती यादी चोरायलाही कोणाला सापडली नाही. गावातल्या पोराला, गुराख्याला, न्हाव्याला, सगळ्यांना ठाऊक आणि फक्त फौजदाराला ठाऊक नाही, असे ते गुपित होते. ते लोकांपासून लपवलेले नव्हते, लोकांनी लपवलेले होते. एवढा एक भेद समजला तर त्रिकोणातल्या डोळ्याची जादू उतरते.

आणि हे गाव १९४२ साली एकाएकी उभे राहिले नाही. त्याच्या मागे सत्यशोधक जलशांची दोन-तीन दशके होती. गावोगाव उघड्यावर, कंदिलाच्या उजेडात, वगनाट्याच्या अंगाने लोकांना धर्म, सावकारी आणि शिक्षण यांवर बोलायला शिकवणारी ती संस्था. त्या वातावरणात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. नावच 'रयत'. आम्ही आणि आमचे बहुतेक विद्यार्थी, कुठल्या ना कुठल्या वाटेने, त्या कालेच्या सभेचे देणेकरी आहोत. राष्ट्र कसे घडते याचा पुरावा कॉलेजपासून एस. टी.च्या एका तिकिटावर असताना आमची विद्यार्थिनी तो वॉशिंग्टनच्या एप्रनमध्ये शोधत होती. दोष तिचा नाही. जलशांची संहिता आम्ही अभ्यासक्रमात ठेवली नाही. ती लोकसाहित्याच्या एका टिपेपुरती उरली.

कोणी म्हणेल, एवढे चिडायचे काय? असेल एखादा तक्ता. चिडायचे कारण आहे. कटाचा इतिहास सांगणारा माणूस आपल्याला ज्ञान दिल्याचा आव आणतो आणि आपल्याकडून काहीतरी काढून नेतो. राष्ट्र कोणीतरी बंद खोलीत घडवले हे एकदा पटले, की मुख्त्यारपत्रावर सही करणारे सहा हजार, जलशात ढोलकी वाजवणारा, वडूजला गोळी खाणारा, भाकरी टाकणारी हे सगळे प्यादी ठरतात. आणि ज्यांना वाटते की कालचे राष्ट्र गुप्त मंडळींनी चालवले, त्यांना आजचेही तसेच वाटते. मग मतदान करणे, सभेला जाणे, माहिती मागणे, पत्र लिहिणे हे सगळे भोळसटपणाचे वाटू लागते. नागरिकाला प्रेक्षक करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याची हानी आणखी एक : तो पुस्तक वाचत नाही, पुस्तकामागची खूण शोधतो. 'गुलामगिरी'त काय लिहिले आहे यापेक्षा मुखपृष्ठावर त्रिकोण आहे का, यात त्याला रस वाटू लागतो.

म्हणून आमची सहकाऱ्यांना मागणी आहे, आणि ती स्वतःपासून सुरू होते. दादोबांचे व्याकरण आणि परमहंस सभा एकाच तासाला शिकवा. फिरोजशहा मेहता मेसन होते हे आपणच वर्गात सांगा, म्हणजे ते कोणाला कुजबुजावे लागणार नाही. सार्वजनिक सभेचे मुख्त्यारपत्र, सत्यशोधक जलसा, प्रतिसरकारच्या काळातले पोवाडे हे मराठी गद्य-पद्याच्या इतिहासात आणा. आणि मौखिकीत कोणी अवघड प्रश्न विचारला तर घड्याळाकडे पाहू नका.

याच कराडात १९७५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री होते. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. आपापसात, दार लावून बोलण्याचेच ते दिवस. दुर्गाबाईंनी भर मंडपात, मंत्र्यांसमोर, तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लोकांना उभे केले. पुढे त्यांना अटक झाली. त्या मंडपात शपथ घेतलेला कोणी नव्हता. तिकीट काढून आलेले वाचक होते, शिक्षक होते, आमच्यासारखे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही परत बोलावणार आहोत. गुण कमी करायला नव्हे. तक्ता तिने तसाच ठेवावा, फक्त बाणांची टोके उलटी करावीत : बाहेरून आत. आणि मध्यभागी त्रिकोणाऐवजी काय काढायचे ते तिने काले गावी जाऊन, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून, स्वतः ठरवावे.